माटोळीवाली टर्म

प्रिय मित्रा,

तुझे तीन मेसेज येऊन पडलेत आणि मी एकालाही धड उत्तर दिलं नाही. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे वाच. पेपर तपासून झाले, मार्क भरून झाले, दिवाळीची सुट्टी लागली, आणि आज सकाळची पेज जेवून पडवीत बसलोय तेव्हा कुठे डोकं मोकळं झालंय. फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाहीये हे, म्हणून लिहितोय.

तुला माहितीये, यंदा मला सहावीची क्लास टीचरशिप दिली आणि सायन्सही माझ्याकडेच. तेवीस पोरं. बहुतेक सगळी आपल्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आजूबाजूच्या वाड्यांवरची, सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून चौथी करून आलेली. घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून सगळी पुस्तकं एकदम इंग्रजी. आपलंही तेच झालं होतं की रे! आठवतं ना, हायस्कूलात पहिल्याच आठवड्यात तुला बाहेर जायचं होतं आणि 'मे आय गो'च्या पुढे काय म्हणायचं ते आठवेना म्हणून तू घंटा होईपर्यंत तसाच बसून राहिलास. मी शेजारी होतो, मलाही येत नव्हतं. जूनमध्ये वर्गात पाऊल टाकलं आणि तेवीस चेहऱ्यांवर मला तोच तू दिसलास. प्रश्न विचारला की माना खाली. पाठ केलेली व्याख्या मात्र धडाधडा म्हणायचे, तीसुद्धा सगळे एका सुरात.

त्यातला एक पोरगा तर असा की जून आणि जुलै, दोन महिने, हजेरीचं 'प्रेझेंट सर' सोडलं तर मी त्याचा आवाजच ऐकला नाही.

१८ जूनला गोव्याचा क्रांतीदिन होता, भाषणं वगैरे दरवर्षी होतातच, पण मी म्हटलं ह्या वेळी जरा वेगळं करूया. एक अख्खा तास नियम केला की ज्याला बोलायचंय त्याने आधी लेखी अर्ज द्यायचा, मी सही केली तरच तोंड उघडायचं. दहा मिनिटांत पोरं कंटाळली, वीस मिनिटांत चिडली, एकीने अर्ज फाडून बाकावर ठेवला. मग सांगितलं की १९४६ साली मडगावला लोहियांनी परवानगी न घेता सभा घेतली ती ह्याच्यासाठी, पोर्तुगीज राजवटीत साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. त्या दिवशी कुणाला काही पाठ करायला सांगावं लागलं नाही. पण तो पोरगा? त्याने अर्जच केला नव्हता.

आता खरी गोष्ट ऐक. सायन्समध्ये झाडांचा भाग होता, जाळीदार शिरा, समांतर शिरा, मुळं, बिया कशा पसरतात ते सगळं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. मी म्हटलं पुस्तक बाजूला ठेवा, घरी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, जे जे बांधणार त्यातलं एक-एक शाळेत आणा, पानासकट, आणि त्याला घरी काय म्हणतात ते आजीला विचारून या. मला वाटलं होतं नारळ, सुपारी, चिबूड, आंबाडे एवढंच येईल. अरे, टेबल पुरलं नाही! कांगण्यो, घागऱ्यो, कवंडाळ, फागलां, शेरवडाची फुलं, तोरिंजन, माट्टीची फळं. मोजली तर एकतीस प्रकार भरले. त्यातली सात-आठ तर मला स्वतःला ओळखता येईनात आणि मी तसं सरळ सांगितलं, की मला हे माहीत नाही, कुणाला माहितीये?

मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, हांव सांगूं?'

तोच. पुढे आला आणि एक-एक हातात घेऊन सुरूच झाला, हे कुठल्या डोंगराच्या कडेला मिळतं, हे ओढ्याकाठी, ह्याची वेल असते, हे खायचं नाही, नुसतं बांधायचं. कांगण्याचं पिवळं फळ नखाने उकलून आतला लाल भाग दाखवला. एक जुनी सुकी घागरी त्याने खिशातून आणली होती, ती कानाशी वाजवून म्हणाला की बिया आत सुट्या झाल्या की वाजतात, म्हणून घागरी. त्याचे वडील आणि आजोबा दरवर्षी चवथीच्या आधी रानात जातात आणि हा पाचव्या वर्षापासून त्यांच्यामागून फिरतोय. आणि मला म्हणाला, आजीने सांगून ठेवलंय, वेलीवरचं सगळं काढायचं नाही, पुढच्या वर्षाला ठेवायचं. मी मित्रा तिथे फळ्याला टेकून नुसता ऐकत उभा होतो, घसा दाटून आला होता खरंच. दोन महिने हा पोरगा माझ्या वर्गात गप्प बसून होता आणि त्याच्याकडे एवढं सगळं होतं.

मग त्याच्याच जोरावर तीन दिवस धडा चालला. शेरवडाचं ते पांढरं पान दिसतं ना, ते पान नाहीच, फुलाचं एक निदल, म्हणजे कळीला झाकणारं दल, मोठं झालेलं असतं आणि खरं फूल म्हणजे मधलं ते छोटं केशरी. हे मी सांगितलं तेव्हा तो पोरगा बराच वेळ ते फूल उलटसुलट करून बघत बसला, एवढ्या वर्षांत त्यालाही हे माहीत नव्हतं. माट्टी म्हणजे मराठीतला ऐन, त्याच्या फळाला पाच पंख असतात, ते आम्ही गॅलरीतून खाली सोडून बघितले. नावं फळ्यावर आधी कोकणीत, मग मराठीत, शेवटी इंग्रजीत. वस्तू हातात असली की तिसरं नाव जड जात नाही, हे मला ह्या टर्मला कळलं.

एका पालकांना नाही आवडलं. म्हणाले, सर, कोकणी-मराठी घरी आहेच, शाळेत इंग्लिश बोला. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, पुढे पोराला कॉलेजात इंग्रजीच लागणार, ती काळजी मलाही आहे. पण मुकं राहून इंग्रजी येत नाही रे. युनिट टेस्टला त्या पोराने लिहिलं, 'घागरी सीड मेक साऊंड, देन फॉल.' ग्रामर चुकलेलं. पण ते त्याने स्वतः बनवलेलं पहिलं इंग्रजी वाक्य होतं! मी पूर्ण मार्क दिले आणि खाली बरोबर वाक्य लिहून दिलं, त्याने ते वहीत पाच वेळा काढून आणलं, मी सांगितलंही नव्हतं.

माडावरून तर वर्गात भांडणच झालं. आपल्या गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष कायद्यात झाड म्हणजे काय ते लिहिलंय, फांद्या पाहिजेत, जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर खोडाचा व्यास निदान ५ सेंटीमीटर, उंची निदान एक मीटर. २०१६ ला त्यातून माड वगळला होता आणि २०१७ ला परत घेतला. पोरांना सुतळी आणि पट्टी देऊन आवारात पाठवलं. परीघ मोजला, व्यास काढला, उंची तर डोळ्यांनीच दिसत होती, अडलं फक्त फांद्यांवर. अर्धे म्हणे झाड, अर्धे म्हणे नाही, आणि एक मुलगी उठून म्हणाली, 'माडाक खांदयो नात, पूण सावळी आसा.' त्यावर कुणाला काही बोलता येईना, मलाही नाही.

कॉम्प्युटरचा तास पण सांगतो थोडक्यात. सहावीपासून कोडिंग आहे आता, स्क्रॅच शिकवतात, एका मशीनवर तीन-तीन पोरं आणि पाऊस लागला की लाईट गायब. पण ह्या लोकांनी एक माटोळीचा गेम बनवला, फळावर क्लिक केलं की ते उडून चौकटीला टांगलं जातं आणि त्याचं नाव ऐकू येतं. नावं कुणाच्या आवाजात रेकॉर्ड केली असतील, सांग? हेडमास्तर लॅबमध्ये आले तेव्हा त्याचाच आवाज घुमत होता आणि तो स्वतः लाजून बाकाखाली काहीतरी शोधत होता.

आता पुढच्या टर्मला मला पोरांना मांडवीतल्या चोडण बेटावर न्यायचंय, रायबंदरहून फेरीने. खाजन शेतं, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेतं, आणि त्या बांधातली मानस, म्हणजे पाण्याची दारं, दाखवायचीयत. भरतीचं खारं पाणी आलं की दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, ना मोटर ना वीज. पाण्याचा दाब शिकवायला ह्याहून चांगलं काही मला तरी माहीत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाळपई सोडून फारसं काही बघितलेलं नाही, त्यांची म्हादई नदी खाली गेल्यावर केवढी मांडवी होते ते त्यांनी बघायला हवं.

१९ डिसेंबरला इकडे येतोयस ना? दोन दिवस जास्तीची रजा टाक आणि आमच्याबरोबर चल. आणि येताना पुण्याहून हातात धरायची भिंगं आण, डझनभर तरी, प्लास्टिकची चालतील, पैसे मी देतो. त्या पोराला मी सांगून ठेवलंय की माझा एक दोस्त येणार आहे, त्याला शेरवड ओळखता येत नाही, तर तो म्हणाला, 'येवं दी, हांव दाखयतां.'

आईला नमस्कार सांग.

तुझाच,
सहावीचा सर