कऱ्हेच्या काठाकाठानं

प्रिय दिनू,

अखेर जाऊन आलो. पाचवीत तुझी चप्पल पुरात वाहून गेली तेव्हा ठरवलं होतं ना, कऱ्हा जाते तरी कुठं ते एकदा बघायचं? होळी झाली आणि पहाटेच गाडी काढून थेट गराडे गाठलं.

उगम बघून तू हसशील. डोंगरातून उतरलेले चार ओघळ, त्याला म्हणायचं नदी. ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडला नि कऱ्हा झाली, ही आजीची गोष्ट मला तिथं पटली. सासवडला संगमेश्वरापाशी चांबळी येऊन मिळते, तिथं जरा नदीसारखी दिसते. पुढं नाझऱ्याचं धरण. सोमवतीला जेजुरीचा खंडोबा पालखीतून हिच्यातच आंघोळीला येतो. पण धरणाखाली पात्र म्हणजे नुसती वेडी बाभळ.

मोरगावच्या खाली, आपण झिरा खणायचो तिथं थांबलो. तेव्हा कोपरभर उकरलं की आधी गढूळ नि मग नितळ पाणी साचायचं, आठवतं? आता हाताला बोटभर वाळू लागली आणि लगेच खडक. वाळू ट्रकांनी गेली; पाणी धरायला उरलंय काय? मला सगळ्यात वाईट याचंच वाटलं. पाऊस आपल्याकडं तेव्हाही बेताचाच होता, सह्याद्रीच्या पाठीला राहणाऱ्यांच्या वाट्याला दुसरं काय येणार! पण चैतापर्यंत नदी वाळूच्या पोटात असायची.

आणि हीच बया २०१९ ला उन्हाळाभर टँकर बघायला लावून सप्टेंबरात एका रात्रीत अशी फुगली, की बारामतीत काठावरच्या लोकांना घरं सोडून निघावं लागलं. वर डोंगरात कोसळलं, नाझरे भरलं, की आपल्याकडं आकाश कसं आहे हे ती विचारत नाही.

बारामतीच्या पुढं मात्र गंमत आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी उसाला जातं आणि थोडंफार झिरपून पात्रात उतरतं. म्हणजे आपली कऱ्हा नीरेचंच पाणी उसनं घेऊन सोनगावला नीरेला भेटायला जाते. सोनेश्वराच्या देवळापाशी पायरीवर बसून भाकरी खाल्ली. संगमाला पाणी होतं, हिरवट, संथ; कुठलं कुणाचं ते कळत नव्हतं. पुढं नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, तिथवर जायला पेट्रोल नव्हतं.

चप्पल काही सापडली नाही.

तुझा,
बाळ्या