अकरावीचं पायथन आणि वर्गणीची यादी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राजेंद्रनगरात मी अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सची शिकवणी घेते. पालकांचं एकच मागणं असतं : ‘लिस्ट, टपल, डिक्शनरी पाठ करून घ्या, आउटपुट काढायचे प्रश्न येतात.’ (हे तिन्ही पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतले माहिती साठवायचे प्रकार.) त्यावर हे पत्र.

यंदा आमच्या मंडळाची गणेशोत्सवाची वर्गणी माझ्या एका विद्यार्थ्याने डिक्शनरीत भरली. नाव ही की, म्हणजे जिच्यावरून नोंद शोधायची ती खूण; रक्कम ही व्हॅल्यू, म्हणजे त्या खुणेपुढची माहिती. प्रोग्राम न कुरकुरता चालला, पण बेरीज कोषाध्यक्षांच्या पावतीपुस्तकाशी जुळेना. कॉलनीत एकाच नावाचे दोन जोशी निघाले! पहिल्यांचे ११००, दुसऱ्यांचे ५०१. डिक्शनरीत एक की एकदाच राहते. तीच पुन्हा लिहिली की जुनी रक्कम पुसली जाते, एरर काही येत नाही. वर जोशींचं नाव यादीत पहिल्या नोंदीच्याच जागी, रक्कम तेवढी दुसऱ्यांची. नुसतं वाचून कोणाच्या लक्षात येणार? (पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, नोंदींचा क्रम राखला जातो. ‘डिक्शनरीला क्रम नसतो’ असं शिकवणारे अजून भेटतात, ते असो.)

मग पठ्ठ्याने नाव आणि घर क्रमांक यांची लिस्ट करून ती की म्हणून दिली. लगेच टाइपएरर, म्हणजे ‘हा प्रकार इथे चालत नाही’ अशी तक्रार. कीचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून येणारा एक आकडा, काढून त्यावरून नोंदीची जागा ठरते. लिस्ट मागाहून बदलता येते. ती बदलली तर नोंद शोधायची कुठे? तेच दोन तपशील गोल कंसात, टपल म्हणून लिहिले आणि काम झालं. ‘टपल म्हणजे न बदलणारी लिस्ट’ हे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ते असतं कशासाठी, हे त्या दिवशी कळलं. तरी शेवटी मी पावती क्रमांकच की करायला लावला. एका घरातून दोनदा वर्गणी देणारे दिलदार लोकही आहेत आमच्याकडे.

आपल्या विद्यार्थी पानावर असे प्रश्न द्यावेत ही विनंती. उदाहरणार्थ : वाचनालयाच्या सभासदांची डिक्शनरी करायची, तर की काय घ्याल? एकाच सभासदाकडे तीन पुस्तकं असतील, तर व्हॅल्यू काय ठेवाल? कोणी लिस्ट म्हणेल, कोणी सेट, म्हणजे तीच गोष्ट दोनदा न ठेवणारा संच. दोन्ही उत्तरं छापा, पण कारण लिहिलेलीच.

आपली,
एक शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर