सक्तीच्या लष्करभरतीविरुद्धची गाणी १९७३ साली संपली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला युद्धविरोधी गाण्यांवरचा लेख वाचला. व्हिएतनामच्या काळाबद्दल लेखकाने जीव ओतून लिहिलं आहे. पण १९७३मध्ये अमेरिकेतली सक्तीची भरती थांबली आणि अशी गाणीही संपली, हे त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. ती सात वर्षांनी परतली आणि या वेळी ती पंक रॉकवाल्यांनी, म्हणजे वेगवान, बंडखोर रॉक संगीत वाजवणाऱ्यांनी, गायली.

डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तरुणांची लष्करी नावनोंदणी, म्हणजे गरज पडल्यास भरतीला बोलावण्यासाठीची यादी, पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली. १९७५पासून ती बंद होती. १९८०च्या जुलैत, १९६० आणि १९६१ साली जन्मलेल्या मुलग्यांना पोस्टात जाऊन फॉर्म भरावे लागले. अमेरिका तेव्हा कुठेही लढत नव्हती, प्रत्यक्ष भरतीही नव्हती. तरी नाव न नोंदवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा होता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डेड केनेडीज’चा पहिला अल्बम त्याच सप्टेंबरात आला. त्यातलं ‘व्हेन या गेट ड्राफ्टेड’ (तुला भरतीला बोलावतील तेव्हा) जेमतेम दीड मिनिटाचं आहे. बाजार मंदावला की बड्या कंपन्यांना युद्ध हवं असतं, बॉम्ब बनवण्यातही नफा आणि उद्ध्वस्त शहरं पुन्हा उभारण्यातही, असा त्यातला थेट आरोप आहे. गायक जेलो बियाफ्रा सरकारवर तुटून पडतोच, पण बिअर पीत लोळणाऱ्या आपल्याच वयाच्या पोरांनाही सोडत नाही. मोर्चे विसरून बसलात, उद्या बोलावणं आलं की कळेल, असं तो त्यांना सुनावतो. मला हे गाणं याचसाठी मोलाचं वाटतं. शवपेट्या घरी येऊ लागल्यावर शोक करणारी गाणी पुष्कळ आहेत. हे गाणं फॉर्म भरून घेतले जात असतानाच ओरडतं.

नोव्हेंबरात लंडनच्या ‘द क्लॅश’चं ‘द कॉल अप’ (लष्कराचं बोलावणं) आलं. ब्रिटनमध्ये सक्तीचं बोलावणं १९६०लाच बंद झालं होतं, त्यामुळे या मुलांना स्वतःला काही धोका नव्हता. तरी त्यांनी हा विषय घेतला. सुरुवातीला अमेरिकी मरीन सैनिकांची कवायतीतली आरोळी ऐकू येते आणि मग गाणं संथ चालीत पुढे जातं. पंक म्हणजे नुसता गोंगाट, असं मानणाऱ्यांनी ते एकदा जरूर ऐकावं. बोलावणं आलं तरी जायचं की नाही हे तुझ्या हातात आहे, इतकंच ते सांगतं. मरण्यापेक्षा काय पाहायला आवडेल, तर कीवपासून समुद्रापर्यंत पसरलेली गव्हाची शेतं. कीव आज युक्रेनची राजधानी आहे, पण १९८०मध्ये ते सोव्हिएत संघातलं, म्हणजे शत्रूचं शेत होतं. आज ती ओळ ऐकताना माझा घसा दाटून येतो. युक्रेनने २०२४मध्ये सक्तीच्या भरतीचं वय २७वरून २५वर आणलं. तिथली मुलं स्वतःच्या घरासाठी लढत आहेत, हे मी विसरत नाही. पण म्हणून सक्तीचा प्रश्न सुटत नाही, उलट जास्त अवघड होतो.

मी सातारा जिल्ह्यातली आहे. पिढ्यान्पिढ्या मुलं सैन्यात पाठवणारं अपशिंगे मिलिटरी आमच्याच जिल्ह्यातलं गाव, आणि इथे सैनिकाला मिळणारा मान मी लहानपणापासून पाहत आले आहे. या गाण्यांत सैनिकाचा अपमान मला कुठेही दिसत नाही. आपल्याकडची पोरं स्वतः भरतीला उभी राहतात, त्यासाठी पहाटे उठून धावतात. त्यांच्या त्या निर्णयाला किंमत आहे, कारण तो त्यांचा आहे.

हा विषय जुना झालेला नाही आणि आपल्यापासून दूरही नाही. लिथुआनियाने २०१५मध्ये, तर लाटव्हियाने २०२४मध्ये सक्तीची सेवा परत आणली. अमेरिकेत ग्रीनकार्डवर राहणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या अठरा वर्षांच्या मुलग्यांनाही १९८०ची ती नोंदणी लागू आहे. सिंगापूरमध्ये आईवडिलांबरोबर कायम रहिवासी झालेल्या मुलग्यांना दोन वर्षं गणवेशात काढावी लागतात. तिथल्या मराठी आयांना हा हिशेब पाठ असतो.

लेखाचा दुसरा भाग यावा, ही विनंती. त्यात १९८०ची ही दोन्ही गाणी असावीत. शिवाय वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या तरुणांनी १९८३मध्ये उभी केलेली ‘एंड कॉन्स्क्रिप्शन कॅम्पेन’ (सक्तीची भरती संपवा मोहीम) आणि तिच्या मंचावरून गाणारे बँडही यावेत. त्या संघटनेवर तिथल्या सरकारने १९८८मध्ये बंदी घातली होती.

आपली,
एक वाचक, सातारा