पॅनेल रंगवू नका, वीजही जोडू नका

महोदय,
प्रशिक्षण अणुभट्टी बंद झाली की इंधनाचा हिशेब चोख राहतो, नियंत्रण पॅनेल मात्र भंगारात जाते. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिच्या शेजारी वाढलेल्या नवी मुंबईत असे एखादे जुने पॅनेल संग्रहालयात यायलाच हवे, पण नीट जपून.

वायरी कापू नका. टर्मिनलचे स्क्रू सैल करून सोडवा आणि त्याआधी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक बांधा, नाहीतर पुढे जोडणी कुणालाच कळणार नाही. जुने कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) आतून सुकलेले असू शकतात. थेट २३० व्होल्ट दिले तर फुटू शकतात. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांत किरणोत्सारी रेडियम असू शकते, म्हणून किरणोत्साराची मोजणी होईपर्यंत काच उघडू नये.

खरा शत्रू खाडीची खारी, दमट हवा. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी. रात्री एसी बंद केला की दमट हवा आत शिरते, गार पत्र्यावर दव धरते आणि रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) संपर्क काळे पडतात.

नवा रंग तर नकोच. लाल स्क्रॅम बटणाभोवती (अणुभट्टी तातडीने बंद करणाऱ्या) बोटांनी झिजलेला रंग हाच इतिहास आहे. ते दाबले की विद्युतचुंबकांचा प्रवाह तुटतो आणि अणुविक्रिया थांबवणारे नियंत्रक दांडे स्वतःच्या वजनाने इंधन असलेल्या गाभ्यात पडतात. हे सांगणारी मराठी पाटी शेजारी लावावी.

— उपकरण विभागातील काही निवृत्त तंत्रज्ञ, वाशी, नवी मुंबई