औषधाच्या दुकानातील ताईंना आभाराचे पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानात मागे माणसे ताटकळत उभी असतात, त्यामुळे "सर बरे आहेत ना?" आणि "बरे आहेत" याच्यापुढे आपले बोलणे सहसा जात नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, यकृताचा जुना आजार सांभाळत आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत राहणाऱ्या इतर घरांनाही तुम्ही आमच्यासाठी जे केलेत त्याचा उपयोग व्हावा.

माझ्या पतींना लिव्हर सिरोसिस, म्हणजे यकृत कठीण होऊन त्याचे काम मंदावत जाण्याचा आजार, आहे. मधुमेह आणि फॅटी लिव्हर यांतून तो उद्भवला. दारूला त्यांनी आयुष्यात कधी स्पर्श केला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण सिरोसिस म्हटले की लोकांच्या मनात पहिला संशय तोच येतो आणि मग घरची माणसे आजारच लपवू लागतात. तुम्ही मात्र तसे कधी सुचवलेही नाही.

मध्यंतरी काही दिवस त्यांना रात्रभर झोप लागत नसे आणि दिवसा ते जेवतानाही पेंगत. मी तुमच्याकडे झोपेची गोळी मागितली तेव्हा ती देण्याऐवजी तुम्ही, शौचास साफ होते का, बोलताना शब्द अडतात का, सही पूर्वीसारखी येते का, असे एकामागून एक विचारत गेलात. ते बाहेर रिक्षात बसले होते. गिऱ्हाइकांना थांबवून तुम्ही बाहेर आलात आणि त्यांना दोन्ही हात पुढे ताठ धरून पंजे मनगटातून वर उचलायला सांगितलेत. पंजे क्षणभर स्थिर राहत, एकदम गळून पडत आणि पुन्हा सावरत. "निदान करणे माझे काम नाही, पण आजच्या आज डॉक्टरांकडे न्या, आणि झोपेचे औषध त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका," एवढेच तुम्ही म्हणालात. हिपॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे यकृत बिघडल्यामुळे मेंदूवर येणारी गुंगी आणि गोंधळ, हे नाव आम्ही त्याच संध्याकाळी पहिल्यांदा ऐकले. अशा अवस्थेत झोपेची गोळी माणसाला बेशुद्धीकडे ढकलू शकते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा तुमच्या नकाराची किंमत मला कळली.

इस्पितळातून घरी आलो ते दोन औषधे घेऊन: शौच साफ ठेवणारे लॅक्टुलोजचे सिरप आणि रिफॅक्सिमिन या अँटिबायोटिकची ५५० मिलिग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ, डॉक्टर सांगेपर्यंत चालू. अँटिबायोटिक म्हणजे पाच-सात दिवसांचा कोर्स, एवढेच आम्हाला ठाऊक. महिनोन्महिने घेतल्याने अंगात उष्णता होईल, असलेले लिव्हरही जाईल, असे सांगणारे नातेवाईक घरी येऊ लागले. तेव्हा तुम्ही दुपारी दुकान बंद करण्याच्या वेळी मला बसवून घेतलेत आणि नीट उलगडून सांगितलेत. आतड्यातले जिवाणू अमोनिया तयार करतात. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. सिरोसिसमध्ये तो रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतो. ही गोळी रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, आतड्यातच राहून त्या जिवाणूंवर काम करते, म्हणूनच ती दीर्घकाळ देता येते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या गोळीच्या चाचणीचे आकडेही तुम्ही बिलाच्या पाठीवर लिहून दिलेत: २९९ रुग्ण, सहा महिने, गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना पुन्हा एन्सेफॅलोपथीचा झटका आला, न घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना, आणि दोन्हीकडच्या बहुतेकांचे लॅक्टुलोज चालूच होते. गोळी आहे म्हणून सिरप सोडायचे नाही, हे त्यातूनच माझ्या मनावर ठसले. तो कागद यांच्या फायलीत पहिल्या पानावर लावला आहे.

सिरपचे मोजमाप चमच्यावर नसून शौचावर आहे, हेही तुम्हीच स्पष्ट शब्दांत सांगितलेत. दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच झाले पाहिजे. त्याहून कमी झाले तर अमोनिया साचतो, आणि जुलाब होऊ लागले तर अंगातले पाणी कमी होऊनही झटका येऊ शकतो. लाजेमुळे हा विषय घरात कोणी काढत नसे.

खाण्याच्या बाबतीत तर मी तुमची फार ऋणी आहे. कोणीतरी डाळ, अंडी, मासे सगळे बंद करायला सांगितले होते आणि यांचे दंड सुकत चालले होते. डॉक्टरांना विचारून घ्या, असे तुम्ही आग्रहाने म्हणालात. डॉक्टरांनी उलट वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज हवीत असे सांगितले. तेव्हापासून कुळथाची पिठी, ताजे मासे आणि निजण्यापूर्वी नाचणीचे सत्त्व दुधातून, हे ठरून गेले आहे. मीठ मात्र कमी करायचे होते, आणि ते आपल्या घरात कुठे कुठे दडलेले असते हे तुम्हीच दाखवलेत: सुकट, खारे बांगडे, सांडगी मिरची आणि सोलकढीचे आगळ. आता मी बिनमिठाची आमसुले भिजवून कढी करते. कालवे पूर्ण शिजल्याशिवाय नकोत आणि पायाला जखम असताना खाडीत उतरू नये, कारण समुद्राच्या पाण्यातले काही जिवाणू सिरोसिसच्या रुग्णाला जीवघेणे ठरतात, ही सूचनाही तुमचीच.

पावसाळ्याचे वेगळे लिहायला हवे. आपल्याकडे आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना तांदूळ, मसाला, सुके मासे आठवतात. तुम्ही आमच्या यादीत या गोळ्या घातल्यात. घाटात दरड कोसळली की कोल्हापूरहून माल येत नाही, हे ओळखून तुम्ही मे महिन्यातच डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेता आणि पुढचा साठा वेगळा काढून ठेवता. गोळी महाग आहे. पैसे हप्त्याने घेताना तुमच्या चेहऱ्यावर मी कधी आठी पाहिली नाही.

यांनी हयातभर शाळेत मुलांना अक्षर शिकवले, म्हणून तुम्ही त्यांना रोज सकाळी वहीत तारीख, गावाचे नाव आणि सही लिहायला सांगितलेत. एका श्रावणात गावाच्या नावातली वेलांटी ओळीबाहेर गेली, पुढची अक्षरे एकमेकांवर चढली. वही पाहून आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना गाठले. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आणि झटका वाढण्यापूर्वीच आवरला.

दर सहा महिन्यांची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला आहे. येताना अहवाल आणि नवी चिठ्ठी घेऊन दुकानात येईन. यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे आणि खालची पहिली सही त्यांनी स्वतः केली आहे.

आपले ऋणी,
एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी
देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग