मथळ्यात ‘उंदीर’ का नव्हता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्याच्या पानावर, बाळपणी एक हार्मोन दिलं की जन्मभर लठ्ठपणा टळतो, अशा अर्थाचा मथळा होता. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू कात्रण घेऊन दारात हजर. त्यांचा नातू दोन महिन्यांचा. ‘हे कोणत्या पावडरमध्ये मिळतं हो?’ प्रयोग उंदरांवरचे होते, हे बातमीत अगदी खाली एका ओळीत उरकलेलं. काकू तिथवर पोचल्याच नव्हत्या.

मी २८ वर्षं एका कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये उंदीर सांभाळले, म्हणून हा पत्रप्रपंच.

हार्मोनचं नाव लेप्टिन. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि साठा भरल्याचा निरोप मेंदूला पोचतो. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्याचं जनुक सापडलं. नवजात पिल्लात मात्र त्याचं काम निराळंच. माउसच्या, म्हणजे छोट्या जातीच्या उंदराच्या, पिल्लात दहाव्या दिवसाच्या सुमाराला लेप्टिन एकदम उसळतं, पण पिल्लाचं दूध पिणं काही कमी होत नाही. त्या दिवसांत मेंदूतल्या भुकेच्या केंद्राची जोडणी चाललेली असते आणि लेप्टिन तिथले मज्जातंतू वाढवत असतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की, ज्या माउसमध्ये लेप्टिन जन्मतःच बनत नाही त्यांची ही जोडणी कच्ची राहते. पहिल्या दोन आठवड्यांत लेप्टिन टोचलं तर ती सुधारते, मोठेपणी टोचून तसं होत नाही.

दहा दिवसांचं पिल्लू मी शेकड्यांनी हाताळलं आहे. डोळे मिटलेले, अंगावर नुकती मखमल फुटलेली. आईला वास परका लागू नये म्हणून हातमोज्यांना तिच्याच पिंजऱ्यातला भुसा चोळायचा, मग वजन. एकीजवळ तीनच पिल्लं ठेवली आणि दुसरीजवळ दहा, तर एकविसाव्या दिवशी दूध तोडताना कोणती कुठली हे सांगायला काटा लागत नाही. तीनांतली ती गुबगुबीत पिल्लं पुढेही बहुधा जाडच राहतात. पहिल्या तीन आठवड्यांना उंदराच्या आयुष्यात इतकं वजन आहे, हे मी नाकारत नाही.

पण माणसाच्या बाळात ही जोडणी बरीचशी आईच्या पोटातच होते. उंदराचा दहावा दिवस माणसाच्या पंचांगात गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत येतो. काकूंच्या नातवाची ती गाडी केव्हाच सुटली.

शिवाय बातमीत निम्मीच गोष्ट होती. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या गटाने २००५ मध्ये गरोदरपणी अर्धपोटी ठेवलेल्या रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) माद्यांच्या मादीपिल्लांना तिसऱ्या ते तेराव्या दिवसापर्यंत लेप्टिन दिलं आणि ती पुढे तेलकट खाऊनही सडसडीत राहिली, हे आपण छापलंत. त्याच गटाने नंतर पोटभर खाल्लेल्या माद्यांच्या नरपिल्लांना ते दिलं, तेव्हा तेलकट खाण्यावर त्यांचं वजन उलट वाढलं, हे राहिलं. २००५ मध्येच क्योटोच्या संशोधकांना माउसमध्ये वेळेआधी आलेली लेप्टिनची उसळी लठ्ठपणाकडे नेताना दिसली, तेही राहिलं. (रॅट आणि माउस दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, पण निदान बातमीत तरी त्यांना एका पिंजऱ्यात कोंबू नये.) आई काय खात होती, पिल्लू नर की मादी, दिवस कितवा, एवढ्यावर निकाल फिरतो. अशा गोष्टीची पावडर कशी निघणार?

आणि दूर कशाला, पुण्यातच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००२ मध्ये इथल्या आणि लंडनच्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं होतं. आपली बाळं वजनाला अर्ध्या किलोहून अधिक हलकी, तरी लेप्टिन जवळपास तितकंच आणि इन्सुलिन जास्त. लेप्टिन चरबीतून येतं, म्हणजे हडकुळं दिसणारं बाळही चरबी राखून जन्माला येतं. उंदरांच्या बातमीला जोड द्यायचीच तर ही द्यायची होती. ती माणसांची आहे आणि आपल्या गावची आहे.

काकूंना मी म्हटलं, लेप्टिन आईच्या दुधात असतंच, पावडर शोधू नका. त्या ‘बरं बरं’ म्हणाल्या, कात्रणाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. भिशीत दाखवायचं आहे म्हणे.

तेव्हा खुलासा छापणार असाल तर त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या टायपात छापावा, ही विनंती. ‘उंदरांमध्ये’ हा शब्द मथळ्यात पहिला यावा. भिशी येत्या शनिवारी आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, पुणे