आबांना तूच सांग

फोंडा, १९ मे

प्रिय बाबल,

फोनच करणार होतो. पण फोनवर तुझ्यामागे तुझं ऑफिस ऐकू येतं आणि मी दोन वाक्यांत आटोपतं घेतो. हे दोन वाक्यांत मावणारं नाही. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर आटोक्यात.

परवा रविवारी मठातल्या आबांनी मला तुझ्या नावाने हाक मारली.

नावांची अदलाबदल ते पूर्वीपासून करतात, तसं हे नव्हतं. उत्तरेच्या भिंतीला पाठ टेकून बसले होते. मी समोर उभा, डोळे माझ्यावरच, आणि म्हणाले, "बाबल, चुनो भिजला मू रे? कांटो हाड." मी म्हटलं, आबा, मी भाई. त्यांना ते पोचलंच नाही. पुन्हा तेच, "कांटो हाड, सुकतलें तें." कोरायचा कांटा आण, सुकेल ते, एवढंच. हात लावला तर अंग तव्यासारखं. दुपारचा एक वाजत आला होता.

मठातला मे महिना तुला सांगायला नको. चातुर्मासाच्या शिबिरांना माणसं यायच्या आत सगळं उरकायचं. खोल्यांतल्या गाद्या उन्हात, माळ्यावर वाघळांची घाण, विहिरीचा गाळ, पन्हळीत गेल्या वर्षीचा पाला, आणि शाकारणी. कौलं बदलणारी माणसं आता मिळतच नाहीत. मिळाली तर मजुरी ऐकून आपणच शिडीला हात घालावा असं वाटतं. सेवेकरी मात्र भरपूर येतात हं. फार्मागुडीच्या कॉलेजातली मुलं येतात, मडगावहून एक बँकेतल्या बायकांचा गट येतो. मन लावून काम करतात. समया चिंच आणि राखेने घासून अशा लख्ख केल्या आहेत की आपण कधी केल्या नव्हत्या. तू म्हणशील मी केल्या होत्या. नव्हत्या केल्यास.

तर भिंत. गेल्या पावसात उत्तरेच्या भिंतीचा हातभर गिलावा सुटला. कुठला, ते ओळखलं असशील. तू कोरलेलं कमळ. डावीकडच्या दोन पाकळ्या आणि खालचा देठ गळून पडला, उरलेलं अजून शाबूत आहे, वाकड्या पाकळीसकट. (ती वाकडीच आहे, बाबल. तीस वर्षं तू म्हणतोस की बघणारा तिरका उभा राहतो.) आबांनी ठरवलं की हे काम कुणाच्या हाती द्यायचं नाही. त्याला कारण झालं. चैत्रात एका उत्साही सेवेकऱ्याने गाडी धुवायचा प्रेशर पंप आणला आणि म्हणाला, काका, पाच मिनिटांत भिंत स्वच्छ करतो. दुसरा म्हणाला, वर प्लॅस्टिक पेंट मारू, पाच वर्षं बघायला नको. मुलं वाईट नव्हेत. त्यांना त्या भिंतीवर लाल-पांढरी नक्षी दिसते, पण ती रंगवलेली नसून कोरलेली आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. आबा त्यांना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून एकटे कामाला लागले, एवढंच.

शिंपल्यांचा चुना कुठून मिळवला देव जाणे. नदीची वाळू धुऊन घेतली, गुळाचं पाणी घातलं, मागच्या पडवीत आंबत ठेवलं. पंधरा दिवस तो वास आम्ही सगळ्यांनी सोसला. मग कुटणं. आणि मग काव, म्हणजे तांबडी माती, मिसळून वरचा पातळ थर, तो ओला आहे तोवरच कांट्याने कोरायचा, सुकला की संपलं. तुला हे सगळं हातांनी माहीत आहे. मी तेव्हा विहिरीच्या गटात होतो. तुम्ही दोघं भिंतीपाशी तासन्‌तास काय करत बसता याचा मला राग यायचा, तोही तुला माहीत आहे.

मला छळतंय ते पुढचंच. आबांचा नेम असा की देवाचं काम हातात घेतलं की ते पुरं होईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. चाळिशीत ते निभलं. आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. वर ब्लड प्रेशरसाठी जी गोळी घेतात ती लघवीवाटे पाणी काढते. सकाळी सहाला त्यांनी ती गोळी घेतली, नंतर काही नाही, आणि एक वाजेपर्यंत भिंतीपाशी. त्या दिवशी ढग आले होते, वारा बंद, हवा अशी की धुतलेली चादरही सुकेना.

नशीब की चादरीच धूत होतो. त्या ओल्या चादरी त्यांच्या अंगावर टाकल्या, मंडपातला उभा पंखा ओढून आणला, नाक्यावरच्या दुकानातून बर्फ आणून काखेत आणि जांघेत ठेवला. एकजण कोकम सरबताचा पेला घेऊन धावला, तेव्हा नर्सिंग शिकणारी एक मुलगी त्याच्या अंगावर ओरडली की शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. एवढीशी मुलगी, पण तिने सगळ्यांना हलवलं. १०८ आली. संध्याकाळपर्यंत ते माणसात आले आणि पहिलं काय विचारलं, तर भिंतीवर ओलं पोतं घातलं का.

डॉक्टर म्हणाले, याला चक्कर म्हणू नका. माणूस असंबद्ध बोलायला लागला म्हणजे ताप मेंदूपर्यंत पोचला, तासभर उशीर झाला असता तर निराळं झालं असतं. गोळी बदलून दिली आहे. घरी आहेत, पेज घेतात, घरच्यांवर चिडतात. आणि गुरुवारपासून पुन्हा भिंतीकडे जाणार म्हणतात.

मी बैठकीत विषय काढला. म्हटलं, सेवा सकाळी सहा ते दहा आणि साडेचारनंतर, मधे कुणीही शिडीवर नाही, आणि तासातासाला सगळ्यांनी पाणी प्यायचं, नेम असो नसो. तर एक जुने गृहस्थ म्हणाले, चौतीस अंशांना काय ऊन म्हणतात, नागपूरचे लोक पंचेचाळिसात जगतात. मी सांगितलं की तिथला घाम वाळतो, आपला नुसता ओघळतो, आणि वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. हवामान खातंसुद्धा उष्णतेची लाट मोजताना मैदानात ४० अंश धरतं आणि किनाऱ्याला ३७. मग ते म्हणाले, देवाच्या कामाला ऊन बघायचं का? त्यावर मी उठूनच उभा राहिलो. म्हटलं, देवालाही ऊन लागतं असं आपणच मानतो ना? पंढरपूरला गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत विठोबाला चंदनउटी असते. आपल्या इथे वैशाखात पिंडीवर गळती, थेंबथेंब पाण्याचं भांडं, बांधतात. देवाला गारवा आणि त्याची भिंत सारवणाऱ्याला नाही, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? कुणी बोललं नाही. वेळापत्रक मंजूर झालं, फळ्यावर लागलं.

पण फळा आबांसाठी नाही, हे तुलाही माहीत आणि मलाही. त्यांनी फळ्याकडे बघितलं, मान डोलावली. म्हणजे ऐकणार नाहीत.

सिमेंटचं आठवतं ना? तू पायरीला सिमेंट लावलंस, मी तुझ्या बाजूने भांडलो आणि आबांनी छिन्नीने ते सगळं काढून टाकलं. आठवडाभर आपल्या तिघांत बोलणं नव्हतं. मग मौन शिबिर लागलं, दुपारच्या ध्यानात पत्र्यावर फणस पडला आणि पन्नास मौनी माणसं एका आवाजात "आगे मायऽऽ" ओरडली. त्या हसण्यात अबोला सुटला. तेव्हा आबांनी सांगितलं होतं की जांभ्या चिऱ्याच्या भिंतीला श्वास लागतो, सिमेंटने ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात तीच गिलावा फोडून बाहेर येते. तेवढंच सांगितलं असतं आधी, तर छिन्नीची वेळ आली नसती. त्यांचा स्वभावच तो. करून दाखवतील, सांगणार नाहीत. त्यामुळे आज त्या मुलांना काही ठाऊक नाही. आणि त्यांच्या हातातलं त्यांच्यानंतर कुणाकडे आहे? एका तुझ्याकडे. तू पुण्यात.

म्हणून तुझ्याकडे दोन मागण्या आहेत. एक, त्यांना पत्र लिही. मोबाइलवर नको, हाताने. पाणी प्या असं लिहू नकोस, वाचून बाजूला ठेवतील. असं लिही, की आबा, तुम्हीच मला शिकवलंत, चुन्याचं काम भर उन्हात करायचं नाही, थर भराभर सुकतो आणि चिरतो, सावली धरा, ओलं पोतं घाला. मग आता दुपारी भिंतीला कसे लागता? कामाचा मुद्दा आहे म्हणून ऐकतील. दुसरं, कमळ मी पुरं करतो असं कळव. आणि खरंच ये. मृग ७-८ जूनला, त्याआधी भिंत झाकायला हवी. सकाळच्या चार तासांत दोन-तीन दिवसांचं काम आहे. आबांना खुर्चीवर सावलीत बसवू, कांटा तुझ्या हातात आणि शेजारी ती कॉलेजची दोन मुलं. पंप आणणाराच सगळ्यात जास्त विचारत असतो, हे कसं कोरतात म्हणून. त्याला मी चुना मळायला बसवलं आहे, हात चांगला आहे त्याचा.

रजा मिळत नाही म्हणून सांगू नकोस. गेल्या वर्षी तू मित्राच्या मुलाच्या मुंजीला नाशिकला जाऊन आलास, फोटो बघितले मी.

छकुलीचा बारावीचा निकाल लागला असेल, कळव. नवीन घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार सांग. वेळ झाला तर त्यांनाही आण, आईने यंदा फणसाची साटं भरपूर घातली आहेत.

आबांचं पत्र त्यांच्या घरच्या पत्त्यावर टाक, मठात नको. तिथे ते चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवतात.

तुझा,
भाई

ता.क. पडवीतला चुना मी ओला ठेवला आहे, रोज पाणी शिंपतो. रात्रीची बस घेतलीस तर सकाळी फोंड्याला उतरशील, मी स्टँडवर येतो. जुने कपडे आण.